मे महिन्यातलं घोंगडं

चहा घ्या आधी, मग सांगतो. कोर्टात क्लार्क म्हणून मी कितीतरी साहेबांचे निरोपसमारंभ बघितले, पण एका जज्जसाहेबांचा काही केल्या विसरता येत नाही.

वकिलांची भाषणं रंगात आली होती. कुणी साहेबांच्या शिस्तीवर बोललं, कुणी त्यांच्या निकालांवर. तेवढ्यात सांगोल्याकडचा एक म्हातारा धनगर काखेत नवं घोंगडं घेऊन थेट स्टेजवर चढला. मला वाटलं, केस जिंकलेला पक्षकार दिसतोय. सोलापूरचा मे महिना, अंगाची नुसती काहिली, अन् ह्यानं आणलंय काय तर घोंगडं! लोक हसायला लागले.

साहेबांनी मात्र वकिलांनी घातलेली शाल उतरवून ठेवली आणि मान खाली केली. घोंगडं खांद्यावर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "शांताचे वडील ना?"

म्हाताऱ्याला हुंदकाच फुटला. मी त्याला बाहेर नेलं, पाणी दिलं. म्हटलं, "आजोबा, साहेबांनी निकाल तुमच्या बाजूनं दिला होता व्हय?"

"न्हाय की. लेकीला मारनारा सुटला. पुरावाच कमी पडला म्हनं."

"मग हे घोंगडं कशाला?"

म्हाताऱ्यानं पटक्याच्या टोकानं डोळे पुसले.

"कोर्टात समदी माज्या पोरीला मयत, मयत म्हनायची. ह्ये साहेब तेवढं शांता म्हनायचं."