सावनात मांडलेली अळूची पंगत

आम्ही मूळचे कुठले ते मला विचारू नका, आजोबा कोकण सांगायचे, काका सातारा सांगायचे, दोघांनीही पाहिलेलं काहीच नाही. एवढं मात्र पक्कं की आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या मुदपाकखान्यात होते, मतलब स्वयंपाकी, आणि सरकार गेलं, मुदपाकखाना गेला, तरी आमच्या हातातला झारा काही गेला नाही. माझा जन्म उज्जैनचा, शाळा इथली, सासर माधव नगरात. मिस्टर बस डेपोत होते, ते अचानक गेले तेव्हा घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मग मी लोकांकडे स्वयंपाकाला जायला लागली. मुंजी, बारशी, साठीशांत, सगळं केलं. लोक म्हणायचे शालूबाईंच्या जिभेला तिखट आणि हाताला गोड. जिभेचं खरं आहे, हाताचं तुम्ही जेवून सांगा.

मळ्यावर मला नीलूताईंनी नेलं. नीलूताई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या, आपल्याच लोकांतल्या, बारीकशा, आवाज असा की बाजूच्या माणसाला ऐकू यायची मारामार. पण डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. शहराबाहेर पटेलांची जमीन भाड्याने घेऊन त्यांनी संस्था काढली, औषध नाही, युरिया नाही, शेणखतावर भाजी करायची आणि ती इथल्याच लोकांनी खायची. जसं आपण दूध लावतो ना, तशी घरांनी वर्षाची टोपली लावायची. दर रविवारी टावर चौकाजवळ आम्ही भाजी घेऊन बसतो. मी तिथे स्वयंपाकाला गेली, मळ्यावर काम करणाऱ्या बायकांचा डबा करायला, आणि मग राहिलीच. खरं सांगू, सासूबाई गेल्यावर मला घरी जायचा कंटाळा यायचा. मळ्यावर कोणीतरी म्हणायचं, शालूबाई, आज काय आहे? एवढं विचारणारं माणूस लागतं हो.

तर आता सिंहस्थ जवळ आला. तुम्ही बघताच, जिथे तिथे हॉटेल, लॉज, पार्किंग. पटेलसाब एक दिवस आले, खाटेवर बसले, चहा घेतला आणि बोलले, दीदी, पार्टी पीछे पड़ी है, हॉटल डालना है उनको, मैं कब तक मना करूँ. मग पटेल म्हणाले, जमीन माँ के नाम है, माँ को आप लोग समझा लो, और शहर के लोग सच में चाहते हैं क्या ये खेती, वो भी दिखा दो. बस, तिथून ते जेवण निघालं. मळ्यावर पंगत मांडायची, शहरातल्या लोकांना बोलवायचं, जेवून त्यांनी टोपली लावायची, संस्थेला काय द्यायचं ते द्यायचं. आणि पटेलांच्या माँजींना पहिल्या रांगेत बसवायचं. मळा राहतो की जातो ते त्या एका जेवणावर.

दिवस कोणता धरायचा? शेडमध्ये आपलं मराठी कॅलेंडर लटकलेलं, आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या. नीलूताई म्हणाल्या, श्रावणात लोकांचे उपास असतात, श्रावण लागायच्या आत उरकू. मी म्हटलं, हो, आषाढातच करू, पावसाळी पालेभाजी कशी जोरात आहे. अळू तर कानाएवढं नाही, सुपाएवढं झालं होतं. बेत मीच सांगितला, अळूचं फदफदं, अंबाडी, चवळईची पातळ भाजी, वरण-भात, पुऱ्या. आपल्याकडे अळूशिवाय पंगत असते का?

काय सांगू तुम्हाला, हसू नका हं. माझा जन्म या गावात गेला. महाकालाची सावनातली सवारी मी आईच्या कडेवरून बघितली आहे. इथल्या लोकांचा सावन गुरुपौर्णिमेनंतर लगेच लागतो, आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, हे इथलं लहान मूलही सांगेल. पण बाहेर वावरायचं डोकं वेगळं आणि चुलीपुढचं वेगळं. चुलीपुढे माझा महिना मराठीच. आमच्या हिशोबाने आषाढ होता, पाहुण्यांच्या हिशोबाने भर सावन. आणि सावनात इथली माणसं पालेभाजीला हात लावत नाहीत.

सकाळपासून आभाळ भरलेलं, लाकडं ओली, धुराने डोळे चुरचुरत होते, तरी मी खुशीत. गाड्या लागल्या, माणसं मावेनात. पटेल आले, हाताला धरून माँजींना घेऊन. म्हातारी वाळलेली, पांढरं लुगडं, पण बसली अशी ताठ. पत्रावळी मांडल्या, मी स्वतः अळू वाढायला घेतलं. पहिल्या माणसाने हात आडवा केला. मला वाटलं, कमी खात असेल. दुसऱ्याने केला. तिसरी बाई हळूच बोलली, आंटीजी, सावन में साग तो हम नहीं लेते. मी बादली खाली ठेवली. मी वळून नीलूताईंकडे पाहिलं, त्या भिंतीसारख्या पांढऱ्या.

लोक चांगले होते हो, कोणी काही बोललं नाही. वरणाशी पुरी मोडत बसले. पण आम्ही बोलावलं होतं ते मळ्याची भाजी खायला, आणि मळ्याचं एक पान कोणाच्या तोंडात जाईना. मागून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग आणखी एक. माँजींनी तर पत्रावळीला हात जोडले आणि हात मांडीवर ठेवून बसल्या, पुरीसुद्धा नाही. पटेल उठले. चलो माँ.

आता माझी जीभ. मी समोर जाऊन उभी राहिली आणि बोलली, बैठो. असं, नोकराला सांगावं तसं. ज्याच्या जमिनीवर उभी त्यालाच. मी म्हटलं, साब, हमारे यहाँ भरी पंगत से भूखा कोई नहीं उठता, आप उठोगे तो मैं आज के बाद चूल्हा नहीं जलाऊँगी, बैठो. पटेलांचा चेहरा लाल झाला. नीलूताईंनी मागून माझा पदर ओढला. मी हलली नाही. पटेल आईकडे बघायला लागले आणि आई काही बघेना, ना त्यांच्याकडे ना माझ्याकडे. शेवटी बसले ते, पण पाय बाहेर काढून, जसा माणूस उठायलाच बसतो.

मग मी पळाली. वेलावर गिलकी होती, मतलब आपली घोसाळी, ती तोडायला बायकांना पिटाळलं, बेसनात घोळून भजी टाकली, म्हणजे लोकांचे हात तरी गुंतले. कुंपणाकडेला भुट्टे लागले होते, कोवळे, आम्ही ते नंतर विकणार होतो. सगळे तोडा म्हटलं. किसण्या दोनच. तेवढ्यात त्या तिसऱ्या बाई, सावन म्हणणाऱ्या, उठून आल्या, हातातली कडी वर सारली आणि किसायला बसल्या. पाऊस आला, पत्र्यावर असा की बोललेलं ऐकू येईना. मी तुपात हिंग-जिरं टाकलं, कीस परतला, दूध घातलं, हलवत राहिली, खाली लागायला नको, हात भाजला तो तसाच. माझे डोळे सारखे पटेलांच्या पायांकडे.

कीस वाढला. माँजींनी वास घेतला, एक घास घेतला, चावला. सगळी शेड त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दुसरा घास घेतला. मग पुरी मागितली. तेव्हा मला रडू आलं, तिथेच, झारा हातात धरून. निघताना माझा हात धरून माळवीत बोलल्या, सावण उतरे जद साग लई ने घरे आजे. पटेल गाडी काढायला गेले. त्या दिवशी बऱ्याच घरांनी टोपली लावली, आम्हाला वाटलं होतं तेवढ्या नाही, पण लावली.

सावन उतरला, मी अळू घेऊन गेली. यावेळी चार जणांना विचारून गेली बरं का. तर दिवाणखान्यात ती हॉटेलवाली पार्टी बसलेली, मिठाईचा डबा उघडलेला. पटेल म्हणाले, बाई, बाद में आना. आतून आवाज आला, कुण हे? आवा दे. माँजी बाहेर आल्या आणि तिथेच, सगळ्यांसमोर जेवल्या. बोटं चाटून जेवल्या. पार्टीवाला वाट बघून बघून म्हणाला, तो माताजी, पक्का समझें? त्यांनी हात धुतले, पुसले आणि मुलाकडे बघून बोलल्या, हूँ जीवूँ जद तक जमीन नी बिकेगी. पाछे थूँ जाणे.

नीलूताईंना सांगितलं तर त्या खाली बसल्या आणि पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. मी पण हसली. रस्त्याने घरी येताना मग कळलं, मतलब माँजी आहेत तोवर मळा आहे, पुढचं पटेलांच्या हातात.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा डबा मी नेते. पटेल दार उघडतात, नमस्ते करतात, वाईट माणूस नाही तो, त्याला पण वाट बघायची आहे आणि मला पण, दोघंही एकमेकांकडे नीट बघत नाही. माँजींना खोकला झाला की माझं काळीज हलतं. सोमवारी महाकालाला जाते, त्यांच्यासाठी औक्ष मागते. माझ्या स्वतःच्या आईसाठी मी असं मागितलं नव्हतं हो. कधी कधी लाज वाटते, की मी म्हातारीसाठी मागते का जमिनीसाठी. पण त्या माझा हात धरतात आणि विचारतात, आज कंई लाई? आणि मग काही वेगळं करून सांगता येत नाही मला. देव त्यांना ठेवो. गेले दोन दिवस अन्नावर वासना नव्हती, आज अर्धी भाकरी खाल्ली, दुधात कुस्करून, मी भरवली.