डबीला बोट नसतं

मंडळी, कान इकडे द्या! मागची कुजबुज थांबली की माझी सुरू होईल. प्रश्न एवढाच – चांगलं बोलणाऱ्याचा त्यात फायदा असला, तर ते बोलणं खोटं का?

ऐका तर! करमाळ्याकडे एक कुंकवाचा कारखाना. मालक बापूशेठ घोंगडे. एका चैत्रात शेठना काय सुचलं – डबीवर छापलं, ‘कुंकू सगळ्यांचं! विधवांनाही लावा!’

झालं! बाजार पेटला! एक म्हणाला, "कंपनीनं कुंकू विकावं, अक्कल विकू नये!" दुसरा म्हणाला, "वा शेठ!" आणि चार डब्या घेतल्या – स्वतः ब्रह्मचारी! तिसरी म्हणाली, "खपाची युक्ती गं, दुसरं काय!" काय तबलजी, तुम्ही कुठल्या बाजूचे? – बघा, नुसता ठेका धरतात. हुशार आहेत!

पण या गदारोळात गोजराबाईला कुणी विचारलं? गोजरा तिथं डब्या भरायची. नवरा जाऊन अकरा वर्षं. कारखान्यात चैत्राचं हळदीकुंकू सुरू झालं, की ती आपणहून आत जायची – खोकी रचायला. ‘जा’ कुणी म्हणत नसे. ‘थांब’ तरी कुठं म्हणत होतं! यंदा मात्र ती गेली नाही. निऱ्या नीट केल्या आणि ओळीत बसली. डबीवरची ओळ खरी की खोटी – आज कळणार!

मालकीण शालनवहिनी करंडा घेऊन निघाल्या. हिला लाव, तिला लाव, डाळ दे, पन्हं दे... गोजरापाशी आल्या – आणि बोट हवेतच! समोर वहिनींच्या सासूबाई बसलेल्या ना! आणि शेठ? शेठ छताकडे बघतायत – जसं काही पुढची ओळ तिथंच छापलीय!

तेवढ्यात जाहिरातीसाठी बोलावलेला फोटोवाला म्हणाला, "फार उकडतंय बुवा!" आणि दाबलं पंख्याचं बटण. अहो, कुंकवाच्या कारखान्यात पंखा! भस्सकन ढीग उडाला! शेठच्या मिशा लाल, सासूबाईंचं बोळकं लाल, फोटोवाला तर साक्षात मारुती! बायका पोट धरधरून हसतायत! शेठना वाट सापडली – "चला, लागलं सगळ्यांना! झालं काम!"

गोजराही हसली – डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग पदरानं कपाळ स्वच्छ पुसलं. म्हणाली, "वहिनी, डब्या भरताना उडालेलं अकरा वर्षं लागतंय मला. रोज नळावर धुऊन घरी जाते. आज लावलेलं पाहिजे."

पंखा बंद. हसू बंद. शालनवहिनींनी सासूबाईंकडे पाहिलं... छे, नाहीच पाहिलं! बोट करंड्यात बुडवलं आणि लावलं – जरा वाकडंच.

सासूबाई कडाडल्या, "अगं, सरळ तरी लाव!"

मंडळी, शेठनं खपासाठी छापलं की मनापासून, यावर खुशाल भांडा. पार मोकळा आहे! डबी बोलली म्हणून गोजरा ओळीत बसली, एवढं श्रेय डबीला द्या. पण डबीला बोट नसतं हो! ते तुम्हाला आहे.

हा घ्या करंडा. शेजारणीला लावायचं, पुढं सरकवायचं. कुणाचं कोण आहे, कोण नाही – विचारायचं नाही.

आणि काय हो, खांबाआडच्या ताई... उठून कुठं निघालात? बसा. तुमच्यापासूनच सुरुवात!