हॉटेलात म्हैस नाही

निवृत्ती : त्या हॉटेलात नका ठेवू म्हणा जेवण. तिथल्या भाताले चिकटपणा नाही.

निशिगंधा : बाबा, मी काय सांगतेय अन् तुम्ही काय ऐकताय? आपल्या हर्षलचं लग्न आहे गुरुवारी. पुण्यात. रजिस्टर.

निवृत्ती : ते ऐकलं. जेवण विमाननगरात, हेही ऐकलं. म्हणून तर सांगून राह्यलो. विमाननगरात तशी तीन एशियन हॉटेलं आहेत, चिनी-जपानी जेवणाची. पेट्रोल पंपामागचं, सहा टेबलांचं असलं तर ठीक. मोठ्या काचेचं असलं तर पाव्हणे उपाशी उठतीन.

तानुबाई : तुमाले काय माईत पुन्यातली हाटेलं? तुमी पुन्याले गेलते कवा?

निवृत्ती : दोनदा. एकदा मोतीबिंदूसाठी, एकदा मूळव्याधीसाठी. एशियन हॉटेलात जायाचं कारण पडलं नाही.

निशिगंधा : मग हे सगळं कुठून?

निवृत्ती : वाचतो. फोनमंदी तो नकाशा नाही का? त्यात हॉटेलावर बोट ठेवलं का खाली लोकायनं लिहिलेलं येते. तिथं एक दिवस हर्षलचं नाव दिसलं. त्या नावावर बोट ठेवलं, तं त्यानं जिथं जिथं खाल्लं ते समदं उघडलं. एक्केचाळीस हॉटेलं.

तानुबाई : अन् मले वर्सभर सांगता, कापसाचा भाव पायतो!

निवृत्ती : भावही पाह्यतो. पण भाव जिथं होता तिथंच आहे. पोरगं हिंडते.

निशिगंधा : तुम्ही एक्केचाळीस वाचले?

निवृत्ती : काही दोन-दोनदा. हा पाहा, बाणेरचा. ‘बोर्डावर पाच देशांची नावं, आत कढई एकच.’ दोन चांदण्या. हे कोरियन : ‘लोणचं मागितलं तर वेटर विचारतो, कोणतं, आंब्याचं?’ एक चांदणी. अन् हे जपानी. रामेन म्हणतात त्याले. आपल्या शेवयाचं कालवण समज. वर अर्धं अंडं ठेवतात. बाकीचं अर्धं कोणाले देतात, ते त्यानं लिहिलं नाही.

तानुबाई : बरा जेवते का पन?

निवृत्ती : हरेक ठिकाणी ‘आम्ही दोघं’ लिहिते. त्या पोरीले तिच्या घरच्यासारखा भात कुठं भेटत नाही, म्हणून दोघं अख्खं पुणं पालथं घालून राह्यले. अन् लिहिते मराठीत. तिथं समदे इंग्रजीत लिहितात. हा काऊन मराठीत लिहीत असन?

तानुबाई : ज्यानं वाचावं वाटते त्याच्यासाठी.

निशिगंधा : बाबा, ‘ती पोरगी’ नका म्हणू. लिंथोई नाव आहे तिचं. मणिपूरची आहे. आणि चायनावाली तर मुळीच नाही.

निवृत्ती : चायनावाली मी नाही म्हणालो. दुकानवाला भागवत म्हणाला.

निशिगंधा : मग तुम्ही त्याला काय म्हणालात?

निवृत्ती : काही नाही. हसलो.

तानुबाई : जाऊ दे ते. गुरुवारी कितीच्या गाडीनं निंगाचं? साडी कोनती नेसू? ह्यायचा तो पांढरा सदरा इस्तरीले द्या लागन.

निशिगंधा : आई, बोलावणं तुला आहे. मला आणि तुझ्या जावयाला आहे. बारा जणांचं टेबल आहे.

निवृत्ती : अन् मले?

निशिगंधा : त्यानं मेसेज केलाय.

निवृत्ती : वाच.

निशिगंधा : नको बाबा.

निवृत्ती : वाच म्हणतो ना. एक्केचाळीस वाचले, आणखी एक.

निशिगंधा : ‘आई, तू आणि भाऊजी या. बाबांना म्हण, हॉटेलात म्हैस नाही.’

तानुबाई : चा ठेवू का?

निवृत्ती : ठेव. ... वाक्य जमलं बरं त्याले. एक शब्द जास्त नाही.

निशिगंधा : तुम्हाला आत्तासुद्धा वाक्यच दिसतंय?

निवृत्ती : मंग काय पाहू?

निशिगंधा : मी सांगते काय पाहायचं ते. मागच्या पाडव्याला ती पहिल्यांदा आपल्या गावी, धाडला आली. तिच्या आईनं दिलेला काळा तांदूळ घेऊन आली, स्टीलच्या डब्यात. आपल्या चुलीपुढं दोन तास बसून खीर केली. त्यांच्याकडं सणाला करतात ती. जांभळी-काळी. आणि आपण काय केलं?

तानुबाई : मी म्हनलं, पाडव्याच्या ताटात काळं नको. माह्या तोंडातून गेलं ते. नैवेद्याले नको म्हनलं, तं मंग कोनीच घेतली नाही. तिनं गुमान डब्यात भरून ठेवली.

निशिगंधा : दुपारी ती दोघं डोणगावला मावशीकडं गेली. संध्याकाळी आली तर खीर नाही, डबाही नाही.

तानुबाई : हे म्हने, म्हशीले घातली. आता पाव्हनीले असं सांगावं का? मी म्हनलं, सरली बाई, समद्यायनं खाल्ली. काय खूश झाली होती! माह्या पाया पडली.

निशिगंधा : आणि त्याच संध्याकाळी भागवतकाकांच्या दुकानाच्या ओट्यावर बाबा सांगत होते : ‘सुनेनं इंजिन ऑइलची खीर केली. म्हशीपुढं ठेवली. म्हशीनं हुंगलं, माझ्याकडं पाहिलं, अन् म्हणाली, मालक, माझं काय चुकलं?’

निवृत्ती : ‘माझं काय चुकलं’ हे ओट्यावरच्या तुळशीरामनं जोडलं. माझं ‘हुंगलं’पर्यंतच होतं.

निशिगंधा : दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं बुलढाण्याच्या जीपमध्ये बसली. ड्रायव्हर परगावचा. त्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला हाच किस्सा सांगितला. एका रात्रीत त्यात म्हशीचं दूध आटलं होतं. सगळी जीप हसली. लिंथोईला सगळं नाही कळलं. तिनं हर्षलला विचारलं, लोक कशाला हसताहेत?

तानुबाई : अन् त्यानं सांगतलं?

निशिगंधा : सांगितलं. ती म्हणाली, ‘मग तुझ्या आईनं सगळ्यांनी खाल्ली असं का सांगितलं?’ एवढंच. बुलढाण्यापर्यंत काही बोलली नाही. हे मला हर्षलनं आत्ता, लग्नाचं सांगताना सांगितलं. वर्षभर तो माझ्याशीसुद्धा नीट बोलत नव्हता. कारण तो किस्सा मीही खामगावला नणंदेला सांगितला होता. म्हैस तुमची होती बाबा, पण खामगावला ती मी नेली.

तानुबाई : चा निवून राह्यला.

निवृत्ती : निशा, ते शेवटचं वाच. पाच आठवड्यांपूर्वीचं. त्यानंतर त्यानं काही लिहिलं नाही. पेट्रोल पंपामागचं, सहा टेबलवालं.

निशिगंधा : तुम्हीच वाचा की.

निवृत्ती : चष्मा नाही.

तानुबाई : डोयावर हाये तुमच्या.

निवृत्ती : तरी तूच वाच.

निशिगंधा : ‘पाच चांदण्या. शेवटी सापडलं. एशियन अशी पाटी नाही, एक इंफाळच्या बाई चालवतात. भात जसा हवा तसा. आम्ही दोघं तासभर काही न बोलता जेवलो. काळ्या तांदळाची खीर मागितली. चांगली आहे. याहून चांगली खीर मी एकदाच पाहिली आहे, बुलढाणा जिल्ह्यात, एका घरात. तिथं ती कोणी खाल्ली नाही.’

निवृत्ती : मी खाल्ली.

तानुबाई : काय?

निवृत्ती : खीर. मी खाल्ली.

निशिगंधा : बाबा, आता पुन्हा गंमत नको.

निवृत्ती : गंमत नाही. म्हटलं, पोरीनं दोन तास घालवले, फेकून कशी द्याची? म्हणून डबा गोठ्यात नेला म्हशीसाठी. झाकण काढलं तं वास आला. कसा सांगू? नवीन तांदूळ शिजते तेव्हाचा वास, त्यात काहीतरी आणखी. बोट लावून पाह्यलं. मंग उभ्या उभ्याच खाल्ली. चमचाही नव्हता. म्हैस पाहून राह्यली होती. तिनं हुंगलं असन, पण तिले दिली कोणी? फुकटची बदनामी झाली तिची.

तानुबाई : समदी?

निवृत्ती : डबा बोटानं पुसला.

निशिगंधा : मग ओट्यावर खोटं का सांगितलंत?

निवृत्ती : भागवतनं विचारलं, ‘निवृत्तीभाऊ, सुनेनं काळी खीर केली म्हणे, खाल्ली का?’ हो म्हणालो असतो तं मामला तिथंच खतम. पण समदे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. चाळीस वर्षं झाली, त्या ओट्यावर लोक पाह्यतात, हा आता काय बोलते म्हणून. ‘खाल्ली, चांगली होती’ यावर कोण हसते? तोंडातून म्हैस निघून गेली. एकदा हसले का मंग थांबता येत नाही, बाई. मागं घेता तं मुळीच येत नाही.

तानुबाई : डबा कुठं हाये?

निवृत्ती : कोणता?

तानुबाई : तिचा. सकाळी जाताना मागत होती बिचारी. मी घरभर हुडकला. शेजारच्या जनकाबाईले इचारलं, तिच्यावर शक घेतला. ‘राहू द्या आई, पुढच्या वेळेस नेईन’ म्हने. कुठं हाये?

निवृत्ती : कुटाराच्या खोलीत, म्हशीच्या चाऱ्यात. पोत्यामागं. रिकामा डबा आणून देल्ला असता तं तुम्ही विचारलं असतं, म्हशीनं एवढा साफ कसा केला?

तानुबाई : वर्सभर?

निवृत्ती : मधी दोनदा घासला.

निशिगंधा : आणा तो, बाबा.

निवृत्ती : आणतो. ... हा पाहा. बुडाले नाव कोरलं आहे. आपल्या भांड्यायवर असते तसंच. अक्षर तेवढं आपलं नाही.

तानुबाई : आईचं असन तिच्या. लेकीले देताना कोरून देतात. माह्या मायनंही देल्ले होते.

निशिगंधा : मी ह्याचा फोटो पाठवते हर्षलला. लिहिते, बाबांनीच खाल्ली होती.

निवृत्ती : पाठव. अन् मी गुरुवारी डबा घेऊन येतो. हॉटेलाबाहेर उभा राह्यतो. आत बोलावलं तं ठीक.

तानुबाई : रिकामा डबा देत नसतात कोनाले. मी मुगाचे लाडू भरतो त्यात. पन आज नाही भरत.

निवृत्ती : काऊन?

तानुबाई : पयले त्या ओट्यावर जा. जिथं सांगतलं होतं तिथंच खरं सांगा. समदे बसले असतीन तवा. मंग लाडू.

निवृत्ती : अवं, वर्ष झालं त्याले. कोणाच्या ध्यानात असन?

तानुबाई : जीपवाल्याच्या ध्यानात हाये. माह्या सुनेच्या ध्यानात हाये.

निवृत्ती : हसतीन लोक.

तानुबाई : हसू द्या. त्या पोरीवर हसले, आता तुमच्यावर हसतीन. सवय हाये ना तुमाले लोकायनं हसाची?

निवृत्ती : माह्या बोलण्यावर हसाची आहे. माह्यावर हसाची नाही.

तानुबाई : टोपी घाला. ऊन हाये.

(तासाभरानं निवृत्ती परत येतो. टोपी हातात. ओसरीवर निशिगंधा फोन घेऊन बसलेली, तानुबाई मूग भाजतेय.)

तानुबाई : सांगतलं?

निवृत्ती : सांगितलं.

तानुबाई : समदं? डबा पुसल्याचं?

निवृत्ती : तेही.

निशिगंधा : हसले?

निवृत्ती : कोणी नाही हसलं. भागवत म्हणे, ‘भाऊ, पहिलाच किस्सा चांगला होता.’ मी म्हणालो, ते चायनावालीही मागं घे, मणिपूर आपल्याच देशात आहे. तं तो पेपर वाचत बसला. मंग तुळशीराम म्हणे, ‘खरं सांगा, वहिनीनं पाठवलं ना?’ मी म्हणालो, हो. तिथं हसले.

तानुबाई : हसले ना? मंग झालं.

निवृत्ती : घरी येताना दोघं-तिघं भेटले. त्यायले नवीन माहीत नाही. एक म्हणे, म्हैस कशी आहे? आता कोणाकोणाले धरून सांगू? जुनं जीपनं गेलं, नवीन पायी जाऊन राह्यलं.

निशिगंधा : बाबा, उत्तर आलंय.

निवृत्ती : हर्षलचं?

निशिगंधा : त्याच्या फोनवरून आहे, पण तिचं. लिंथोईचं.

निवृत्ती : या म्हणाली?

निशिगंधा : तसं काही नाही लिहिलं.

निवृत्ती : येऊ नका?

निशिगंधा : तसंही नाही. डब्याच्या फोटोखाली एकच विचारलंय. ‘बाबांना विचारा, साखर बरोबर होती का?’

तानुबाई : बराबर होती म्हना. आता मोडता नका घालू.

निवृत्ती : नाही. या वेळेस जसं होतं तसंच लिही, निशा.

निशिगंधा : सांगा.

निवृत्ती : लिही, साखर जरा कमी होती. पण दुसऱ्यांदा हात घातला तेव्हा ते ध्यानात राह्यलं नव्हतं.