सहीच्या आधी कापलेला कोट

(सकाळ. शिंप्याच्या दुकानामागची खोली. आई पहाटे गेली. ती आत पलंगावर आहे. बाहेर वडील, लेक आणि दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरबाई.)

लेक : ती सही मी मानत नाही, बाबा. आईचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं.

वडील : होतं.

लेक : त्याच आठवड्यात मला आत्या म्हणून हाक मारली तिने. पोटच्या पोरीला! आणि त्या कागदाच्या भरवशावर तुम्ही तिचा मेंदू संशोधनाला द्यायला निघालात?

डॉक्टर : ताई, घरात एकाची जरी हरकत असली तरी मी हात लावणार नाही. फक्त दुपारच्या आत सांगा.

वडील : तुला आत्या म्हणाली तो शनिवार. सही सोमवारची.

लेक : पाच दिवसांत काय फरक पडतो?

वडील : पायात पडतो. सोमवारी सूज उतरलेली, शनिवारी घोटे खांबासारखे. तीच म्हणायची ना, चप्पल घट्ट झाली की माझं डोकं सैल होतं.

लेक : ते गमतीत.

वडील : गमतीत म्हणाली, आणि भिंतीवर खडूने मांडून ठेवलं. पाय सुजले की रेघ, कापड कापताना चुकलं की फुली. आठ महिने. जवळजवळ सगळ्या फुल्या रेघांच्याच शेजारी.

डॉक्टर : त्या भिंतीचा फोटो आमच्याकडे आहे. आम्ही नाडी बघत होतो, वजन बघत होतो. कामात काय चुकतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. आता प्रत्येक पेशंटला विचारतो.

लेक : पण पायाचा आणि डोक्याचा काय संबंध?

डॉक्टर : दोन्हीकडे हृदयच. ते थकलं की पाणी पायात साठतं, मेंदूला रक्त कमी पोचतं. शिवाय शरीरात आतून दाह चालू राहतो, त्याची झळ मेंदूलाही लागते. त्यातलं किती भरून येतं, किती कायमचं जातं, हे अजून नीट कळलेलं नाही.

वडील : लोक सरळ वेडी म्हणून मोकळे झाले. एका कोटाला दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या, तेव्हा कारागीर तोंड फिरवून हसले.

लेक : मीही हसले होते.

वडील : तिला माहीत होतं.

लेक : बाबा...

वडील : ऐक. सोमवारी हा कागद आला. म्हणाली, आधी कोट कापते. जमला तर सही, नाहीतर कागद परत. साचा घेतला नाही, मला जवळ उभं राहू दिलं नाही. पाठ, गळा, दोन्ही बाह्या, एका दमात. मी शिवला तो. कुठे ओढ नाही, चुणी नाही. चाळीस वर्षं तिने कापलेलं शिवतोय मी, असा कोट माझ्या हाताखालून गेला नव्हता. मग तिने पेन मागितलं.

लेक : मला का नाही सांगितलंत?

वडील : तू आलीस की रडायला बसायचीस. सांगू कधी?

लेक : भीती नाही वाटली तिला?

वडील : वाटली की. म्हणाली, उसवल्याशिवाय चूक कुठे आहे ते कळत नाही. उसवू दे त्यांना.

लेक : ...डॉक्टर, कागद द्या. माझी सही कुठे?

डॉक्टर : इथे. आणि वर आईंचा व्यवसाय लिहायचा राहिलाय.

लेक : काय लिहू, बाबा? दुकान तर तुमच्या नावावर.

वडील : दुकान माझ्या नावावर, गिऱ्हाइकं तिच्या. आमच्यात कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, तेच लिही.

डॉक्टर : गाडीला तासभर लागेल.

वडील : पुरे आहे. पोरी, तिचे केस विंचरून दे. चार लोकांत ती तशी कधी गेली नाही.