आहेराचा कुकर

माहं माहेर फुलंब्रीच्या अलीकडचं खेडं. नवऱ्याला वाळूजला कंपनीत काम लागलं तवा शहरात आलो, खोल्या बदलत बदलत एकदाचं आपलं दोन खोल्यांचं घर बांधलं. तवा तिकडं नुसती ढेकळं होती, आता बघा, गाडी वळवायला जागा नाय. पर काय सांगू तुम्हाला, वास्तुशांत केली ते साल लई दुष्काळाचं, नळ नव्हताच, टँकर यायचा, घागरीवरून बायका भांडायच्या, मी बी भांडले, खोटं कशाला बोलू.

मह्या पाठचा एकच भाऊ, दत्ता. माय लवकर गेली, त्याला मीच कडेवर वागवला. त्या साली त्याच्या विहिरीत घागर बुडंल एवढं पाणी नव्हतं, तरी रिकाम्या हातानं यायचा नाय तो. अक्काकडं पाण्याची वढाताण, कुकरात डाळ थोडक्या पाण्यात शिजती, म्हणून शहागंजात जाऊन कुकर घेतला. आन् आपल्यात आहेराच्या भांड्यावर नाव घालत्यात ना, तर दुकानदाराला म्हणला, बुडाला कोण बघतंय, झाकणावर घाला. दुकानदारानं मशीननं घातलं, अक्कास दत्ताकडून सप्रेम. मी ते झाकण आल्यागेल्याला दाखवायची.

वरीस बी झालं नसंल. एका सकाळी कुकर ठिवला, शिट्टीच होईना, म्हणून जवळ जाऊन बघाय लागले तर झाकण उडालं आन् कढत डाळ सगळी तोंडावर. डावा डोळा गेला. गाल तर दिसतोच तुम्हाला.

नवरा मला घेऊन दुकानात गेला. दुकानदार म्हणला, बाई, हम तो बेचनेवाले, कंपनीला विचारा. कंपनीनं लिहून पाठवलं, झाकणाला मशीन लावली, त्यानं झाकण बिघडलं, आमची जबाबदारी नाय. दुकानदार म्हणला, गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणून नाव घातलं. म्हणजे फिरून फिरून समदं मह्या दत्तावर आलं बघा. मला लई राग आला. मह्या भावानं काय इख आणलं होतं का? ग्राहक मंचात तक्रार केली ती त्या रागानंच, डोळा तर काय परत येणार नव्हता.

तारखा पडत गेल्या. मधीच नवरा वारला, लेकरूबाळ नाय, मग तारखेला मी एकलीच जायची, डब्यात भाकर घेऊन. एका तारखेला दत्ताला साक्षीला बोलावलं. कंपनीच्या वकिलानं इचारलं, झाकणावर नाव घाला म्हणून तुम्हीच सांगितलं ना? तो खाली मान घालून म्हणला, व्हय. बाहेर आल्यावर मी म्हणलं घरी चल, चहा तरी घे, तर थांबला नाय. तवापासून दिवाळी नाय, भाऊबीज नाय.

मग निकाल लागला. कुकर तपासायला पाठवला होता, तर जादा वाफ बाहेर सोडणारं झाकणातलं बटणच मुळात खराब निघालं, नावाचा काय संबंध नाय, कंपनी आन् दुकानदार दोघं जबाबदार, असं लिहिलं. भरपाई मिळाली, ते असू द्या. मी तो कागद घेऊन पहिली एसटी धरली.

दत्ता ओट्यावर पाठ करून बसला होता. मी कागद पुढं धरला, म्हणलं, अरे, तुझी चूक नाय, सरकारनं लिहून दिलंय बघ. त्यानं कागद वाचला, घडी घालून मह्या हातात दिला. म्हणला, अक्का, कळतंय मला. पर तुझ्या तोंडाकडं बघवत नाय.

कागद पिशवीत ठिवला. तशीच माघारी आले.

आता एकलीचा सैपाक तो केवढा, पातेल्यातच शिजवते. शेजारपाजार चांगला हाय, पर दार लावलं की घर खायला उठतंय. भावजय फोन करती. दत्ता शेजारीच बसून ऐकतो म्हणती, बोलत नाय. देव त्याला सुखी ठेवो, त्याच्या लेकरांना औक्ष देवो. मी तिला सांगितलंय, त्याला म्हणावं, फोनवर तरी बोल, फोनात तोंड दिसत नाय.