चोचीला पळी

आमचा आप्पा हवालदार चीनच्या लढाईनंतर पलटणीतून घरी आला, तो एक दुर्बीण घेऊन. पण माणूस लय अबोल झाला होता. रोज मायणीच्या तळ्यावर पक्षी बघत बसायचा. सोबतीला मी जायचो.

समोरच्या काठावर बाया धुणं धुवायच्या. एक दिवस त्यांनी त्याच्या बायकोला, इंदूवहिनीला सुनावलं, "तुझा नवरा आमच्याकडं नळकांडं लावून बघतोय."

वहिनी तणतणत तळ्यावर आली. "आवं, लाज न्हाई वाटत?"

आप्पानं दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली. वहिनी एकदम ओरडली, "आगं बया! ह्या पाखराच्या चोचीला पळी हाय की!"

"चमचाच म्हणत्यात त्याला. पाणी ढवळून मासं खातंय," म्हणत आप्पा खळखळून हसला. पलटणीतून आल्यापासून पहिल्यांदाच.

वहिनीनं दुर्बीण खाली केली. डोळे भरले होते तिचे. "हितं येऊन हसताय व्हय? मग मला कवा का आणलं न्हाईसा?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर आप्पाशेजारी माझ्या जागेवर वहिनी बसलेली. दोघांना न दिसता मी तसाच मागं फिरलो.