रिमोटचं झाकण

गेमिंगमधलं बाबांना काय कळणार, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे आधी कबूल करतो.

हातात धरूनही खेळता येईल आणि टीव्हीलाही जोडता येईल असा नवा कन्सोल येणार म्हणून आमचा ग्रुप महिनाभर नुसते तर्क लढवत होता. रविवारी आमचा पुणेकर मित्र चिन्मय बंगळुरातल्याच एचएसआर लेआउटमधून मोबाईल नाचवत आमच्या घरी आला. "फोटो लीक झालाय, थेट फॅक्टरीतून! हे बघ मागचं कव्हर, आतल्या बाजूनं."

बाबांनी चष्मा पुसला. "बघू स्वल्प." 'जरा' म्हणायचं तर इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडी कन्नडच येतं.

"काका, हा गेमिंगचा विषय आहे. तुम्हाला नाही कळायचा."

बाबांनी पस्तीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवलेत. त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला, सेलचं झाकण काढलं आणि उलटं करून चिन्मयपुढं धरलं.

"हे बारीक गोल ठसे दिसतात? साच्यातनं माल पिनांनी ढकलून काढतात, त्याच्या खुणा. तुझ्या फोटोत एक तरी दाखव."

चिन्मयनं फोटो मोठा करकरून पाहिला. एकही नव्हता.

"हे साच्यातनं निघालेलंच नाही. कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलंय."

"काहीतरीच काय, काका!"

संध्याकाळी फोटो टाकणाऱ्यानंच लिहिलं, "गंमत म्हणून कॉम्प्युटरवर बनवला होता, माफ करा."

आता नवा फोटो आला की ग्रुपवर कुणी तर्क लढवत नाही. चिन्मय आधी आमच्याकडे फोन लावतो. बाबा ऐटीत विचारतात, "सरी, ठीक आहे, पण पोटातला, आतल्या बाजूचा फोटो आहे का? नसेल तर ठेव फोन."